बंद झालेली चिप, हरवलेला सोर्स आणि डॉबीचे कार्ड

प्रश्न : इचलकरंजीत माझा इलेक्ट्रॉनिक डॉबीची (मागावर नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्राची) नियंत्रण-कार्डे बनविण्याचा छोटा कारखाना आहे. वर्षाला साधारण 300 कार्डे जातात. कार्डावर झायलिंक्स कंपनीची एक्ससी 9572 ही, आत लॉजिक भरता येणारी 44 पिनांची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. ही चिप आता मिळत नाही. माझ्याकडे 140 नग शिल्लक आहेत. ज्या अभियंत्याने आतील लॉजिक लिहिले तो परदेशी गेला, संपर्क राहिला नाही आणि मूळ सोर्स फाइल सापडत नाही. एक पुरवठादार मुंबईच्या बाजारातून जुन्या चिपा आणून देतो म्हणतो. एका सल्लागाराने ‘स्वतःची गेट अ‍ॅरे चिप बनवून घ्या, कायमची कटकट मिटेल’ असे सुचवले. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो म्हणतो एफपीजीए (अशीच, पण अधिक मोठी प्रोग्रामेबल चिप) लावा. कोणाचे ऐकावे? सोबत कार्डाचा आराखडा आणि जुन्या संगणकावरील फोल्डरमधील फाइलींची यादी जोडली आहे.
— एक उत्पादक, इचलकरंजी

उत्तर : स. न. वि. वि. आपण आराखडा आणि फाइलींची यादी दोन्ही पाठविलीत, हे फार बरे केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या यादीतच आहे. यादीत ‘व्हीएचडी’ किंवा ‘व्ही’ अशा शेवटाची एकही फाइल नाही, म्हणजे मूळ सोर्स खरोखरच गेलेला आहे. ‘जेईडी’ शेवटाची फाइल आहे. ती केवळ चिपच्या आतील जोडण्यांचा नकाशा असते, तिच्यावरून आणखी एक्ससी 9572 भरता येतात, पण ती दुसऱ्या कोणत्याही चिपच्या कामाची नाही. मात्र त्याच यादीत ‘आरपीटी’ आणि ‘यूसीएफ’ शेवटाच्या दोन फाइली आहेत. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, आणि आपली खरी ठेव तीच आहे.

‘आरपीटी’ ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. झायलिंक्सचे जुने आयएसई हे सॉफ्टवेअर लॉजिक चिपमध्ये बसवून झाल्यावर हा अहवाल तयार करीत असे, आणि त्याच्या शेवटच्या भागात प्रत्येक मॅक्रोसेलचे (चिपेतील लॉजिकच्या मूळ घटकाचे) समीकरण अक्षरशः लिहिलेले असते : कोणता फ्लिपफ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारी जोडणी), त्याच्या डी टोकाला कोणते संकेत कोणत्या अँड-ऑर जुळणीने येतात, त्याला क्लॉक (ताल देणारा स्पंद) कोठून मिळतो, तो शून्य कशाने होतो. तेथे ‘एफडीसीपीई’ आणि ‘एफटीसीपीई’ अशी नावे वारंवार दिसतील. पहिले म्हणजे साधा डी फ्लिपफ्लॉप, दुसरे म्हणजे टी टोकाला संकेत असताना क्लॉकला पालटणारा टी फ्लिपफ्लॉप, आणि टी प्रकारचे आठ-नऊ एका ओळीत दिसले की तो काउंटर आहे असे बेलाशक समजावे. ‘यूसीएफ’ फाइलीत कोणता संकेत कोणत्या पिनेवर आहे याची नोंद असते. या दोन फाइली आणि कार्डाचा आराखडा यांवरून आपले संपूर्ण लॉजिक पुन्हा लिहिता येईल, आणि कोणती चिप घ्यावी हा प्रश्न त्यानंतर येतो. आज अडचण चिप बंद झाल्यामुळे आली आहे असे वाटते. पण सोर्स हाती असता तर हे काम काही आठवड्यांचे होते. म्हणून यापुढे आपली मालमत्ता चिप नसून तिच्यातील लॉजिकचे, कोणत्याही एका कंपनीशी न बांधलेले, वाचता येईल असे लेखन आहे, हे धरून पुढचे सारे वाचावे.

आता तीन सल्ल्यांकडे वळतो. गेट अ‍ॅरेचा सल्ला आपल्यासाठी अजिबात योग्य नाही, आणि त्यावर एक रुपयाही खर्च करू नये. गेट अ‍ॅरेमध्ये ट्रान्झिस्टर आधीच तयार करून ठेवलेले असतात आणि ग्राहकाच्या गरजेनुसार वरचे धातूचे जोडथर तेवढे वेगळे छापले जातात. ब्रिटनमधील फेरांटी कंपनीच्या अशा चिपेमुळेच सिंक्लेअरच्या झेडएक्स 80 या घरगुती संगणकातील 21 चिपा 1981 च्या झेडएक्स 81 मध्ये अवघ्या 4 वर आल्या, आणि तो संगणक स्वस्त झाला. पण तो लाखांच्या संख्येने खपणारा माल होता. जोडथरांचे मुखवटे (छपाईचे साचे) बनविण्याचा एकरकमी खर्च नगांच्या संख्येत वाटला जातो. लाखो नगांत तो विरून जातो, 300 नगांत तो प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर बसतो. शिवाय मुखवट्यात एक चूक राहिली तर तो सगळा खर्च पुन्हा करावा लागतो, आणि आपल्याकडे तर मूळ लॉजिकच अजून कागदावर आलेले नाही. नेमकी हीच अडचण सोडविण्यासाठी प्रोग्रामेबल लॉजिक जन्माला आले : 1978 मध्ये मोनोलिथिक मेमरीज कंपनीची ‘पाल’ (पीएएल) चिप, 1985 मध्ये झायलिंक्सची 64 लॉजिक ब्लॉकची एक्ससी 2064, आणि पुढे आपली 9572. थोड्या नगांच्या उत्पादकाला आपले लॉजिक आपल्याच टेबलावर चिपेत भरता यावे, हा त्या साऱ्या मालिकेचा हेतू होता.

बाजारातल्या जुन्या चिपांचा सल्ला तात्पुरत्या सोयीपुरता स्वीकारण्याजोगा आहे. आपला खप महिन्याला 25 कार्डांचा, म्हणजे 140 नग साडेपाच महिने पुरतील; नव्या कार्डाला त्याहून थोडा अधिक काळ लागला तर शंभरेक नग हाताशी असणे चांगले. मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा अन्य कोठे काय, बंद झालेल्या चिपांच्या व्यवहारात जुन्या कार्डांवरून काढलेल्या, पृष्ठभाग घासून नवी अक्षरे छापलेल्या चिपा सर्रास मिसळलेल्या असतात. सगळा माल एकदम घेऊ नये. आधी दहा नग नमुन्याला घ्यावेत. ॲसिटोनने भिजविलेला कापूस अक्षरांवरून फिरवावा. अक्षरे पुसली गेली आणि खाली वेगळा पोत दिसला तर माल परत करावा. त्यानंतर प्रत्येक नग सॉकेटमध्ये बसवून जेटॅग (चिप वाचण्या-भरण्याची चार तारांची जोडणी) केबलने त्याचा ओळख-क्रमांक वाचावा. ही ओळख सिलिकॉनमध्येच कोरलेली असते, वरचे नाव बदलले तरी ती बदलत नाही. एक्ससी 9572 आणि तिची 3.3 व्होल्टची बहीण 9572 एक्सएल यांचे क्रमांक वेगळे आहेत, आणि 5 व्होल्टच्या कार्डात एक्सएल बसविली तर ती जळेल, म्हणून ही तपासणी टाळू नये. एक्सएल मालिकाही आता त्याच वाटेने गेली आहे : झायलिंक्स विकत घेणाऱ्या एएमडीने तिच्या शेवटच्या मागण्यांची मुदत 2024 च्या मध्यापर्यंतच ठेवली होती. तेव्हा एक्सएलवर जाऊन काही वर्षे काढू, हा मार्गही सोडून द्यावा.

चिरंजीवांचे म्हणणे दिशेला धरून आहे, पण ‘एफपीजीए लावा’ एवढ्यावर काम भागत नाही. आधी आपल्याला किती लॉजिक लागते ते मोजू. आराखड्यावरून दिसते ते असे : मायक्रोकंट्रोलर पुढच्या पिकाची (बाण्याच्या एका धाग्याची) 16 लिव्हरांची स्थिती दोन बाइटांत चिपेला लिहून ठेवतो, चिप ती धरून ठेवते आणि माग ठरलेल्या अंशावर आला की 16 ही आउटपुटांवर एकदम सोडते. म्हणजे धरून ठेवायला 16 आणि सोडायला 16 फ्लिपफ्लॉप झाले. तो अंश ठरविणारे आठ बिटांचे रजिस्टर तिसऱ्या पत्त्यावर आहे, आणि एन्कोडरचे (मागाचे फिरणे स्पंदांनी सांगणाऱ्या उपकरणाचे) 360 स्पंद मोजायला नऊ बिटांचा काउंटर. बेरीज 49. ताणा किंवा बाणा तुटल्याचे संकेत, माग थांबविण्याचे आउटपुट, शून्य-खूण ओळखणे यांना मिळून आणखी दहाएक धरा. साठच्या आसपास आकडा आला, जो 9572 च्या 72 मॅक्रोसेलमध्ये मावतो. पिना 33 : आउटपुटे 16, डेटा 8, पत्ता 2, लेखन-संकेत 1, एन्कोडर 3, तुटीचे संकेत 2, थांबा 1. चिपवर उपलब्ध 34.

गतीची काळजी करण्याचे कारण नाही. मिनिटाला 220 पिकांच्या मागावर सेकंदाला सुमारे 1,320 स्पंद येतात, आणि आजच्या कोणत्याही प्रोग्रामेबल चिपेला हे काम किरकोळ आहे. मग सारेच काम मायक्रोकंट्रोलरवर का टाकू नये, असे कोणी विचारील. नवे उत्पादन शून्यातून करायचे असते तर मी तोच विचार आधी केला असता. पण आपल्या कार्डातील मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम वर्षानुवर्षे मागांवर चाललेला आहे, गिऱ्हाइकांचा त्यावर विश्वास आहे, आणि बदल एका सॉकेटपुरता ठेवता येत असताना दोन ठिकाणी हात घालण्यात शहाणपण नाही.

आता चिप निवडताना दोन मार्ग उरतात. पहिला, 5 व्होल्टचीच सीपीएलडी (9572 च्याच जातीची छोटी प्रोग्रामेबल चिप). पूर्वीच्या ॲटमेलची एटीएफ 1504 एएस ही मायक्रोचिप कंपनी अजून विकते. तीत 64 मॅक्रोसेल आहेत, म्हणजे साठाचे लॉजिक दाटीवाटीने का होईना बसू शकेल. अडचण पिनांची आहे : 44 पिनांच्या पॅकेजात जेटॅगच्या चार पिना राखल्या की संकेतांसाठी 32 उरतात, आणि आपल्याला 33 हव्यात. जेटॅग सोडून देऊन चिप बाहेरच्या प्रोग्रामरवर भरता येते, पण मग कार्डावर बसविलेली चिप जागेवरच दुरुस्त करण्याची सोय जाते. वीज आणि ग्राउंडच्या पिनाही 9572 पेक्षा वेगळ्या जागी आहेत, तेव्हा ती जुन्या सॉकेटमध्ये थेट बसेल अशा समजात राहू नये.

दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे : आतच फ्लॅश असलेला छोटा एफपीजीए, उदाहरणार्थ लॅटिस कंपनीची मॅकएक्सओ 2 मालिका, 3.3 व्होल्टवर चालणारा एचसी प्रकार, 100 पिनांच्या पॅकेजात. 256 एलयूटीची (लॉजिकच्या छोट्या घटकांची) चिपही पुरेल. तरी मी 640 ची घ्यावी असे सुचवीन, कारण उद्या लिव्हर 16 वरून 20 करावे असे गिऱ्हाईक म्हणाले तर जागा हवी. ‘आतच फ्लॅश’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. चिरंजीवांनी महाविद्यालयात पाहिलेल्या बऱ्याच एफपीजीए वीज गेली की आतले लॉजिक विसरतात आणि वीज आल्यावर ते शेजारच्या मेमरीतून वाचून घेतात. या वाचनाला मिलिसेकंदांपासून शेकडो मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्या वेळात चिपच्या पिना तरंगत असतात, आणि अनेक चिपांत त्यांना आतून हलका पुल-अप (वरच्या व्होल्टकडे ओढणारा रोधक) असतो. आपल्या कार्डावर या पिना थेट यूएलएन 2803 या, सॉलेनॉइडना (लिव्हर ओढणाऱ्या विद्युतचुंबकांना) प्रवाह देणाऱ्या आयसीला जातात. 20 किलोओहमांचा पुल-अप धरला तर त्या आयसीच्या इनपुटात 80 मायक्रोअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो; तो किरकोळ दिसतो, पण आत डार्लिंग्टन जोडी (लागोपाठ जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) आहे आणि तिचा गेन, म्हणजे प्रवाह वाढविण्याचे प्रमाण, हजारांत असतो, म्हणून पलीकडे सॉलेनॉइड ओढला जाऊ शकतो. वीज आली की सोळाही सॉलेनॉइड एकदम खटकन ओढले जातात, 24 व्होल्टचा पुरवठा खचतो, आणि जॉबर (मागांची देखभाल करणारा कारागीर) कार्ड खराब म्हणून परत पाठवितो. आत फ्लॅश असलेली चिप फार लवकर जागी होते, तरीही कोणतीही चिप घेतली तरी या 16 रेषांपैकी प्रत्येकीवर 4.7 किलोओहमांचा रोधक ग्राउंडकडे लावावाच. सोळा रोधकांचा खर्च नगण्य आहे.

5 आणि 3.3 व्होल्टचा मेळ आपल्या कार्डावर सुदैवाने सोपा आहे. आउटपुटांना काहीच करावे लागत नाही, कारण यूएलएन 2803 ला 3.3 व्होल्ट पुरतात. मायक्रोकंट्रोलरकडून येणारे 11 संकेत 5 व्होल्टचे आहेत आणि मॅकएक्सओ 2 च्या पिनांना 5 व्होल्ट सोसत नाहीत, म्हणून 3.3 व्होल्टवर चालविलेल्या दोन 74 एलव्हीसी 245 ए या बफर आयसींमधून ते घ्यावेत. या आयसीच्या इनपुटांना 5 व्होल्ट चालतात, आणि मायक्रोकंट्रोलर फक्त लिहितो, परत वाचत नाही, त्यामुळे दिशा कायमची एकच ठेवता येते. एन्कोडर आणि तुटीचे पाच संकेत मात्र यातून नेऊ नयेत. ते ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने संकेत पलीकडे देणाऱ्या आयसीतून) येतात, त्यांची कड मंद असते, आणि मंद कडेवर 245 डळमळून एकाऐवजी दोन-तीन स्पंद देऊ शकते. हे पाच थेट चिपेत घ्यावेत आणि त्या पिनांचा हिस्टेरिसिस (मंद कडेवर डळमळू न देणारा) पर्याय चालू करावा. नव्या कार्डावर ऑप्टोचे पुल-अप 3.3 व्होल्टला बांधले की झाले. जुन्या कार्डांच्या सॉकेटमध्ये बसणारा अ‍ॅडॉप्टर बोर्ड करणार असाल, आणि तो करावा असेच मी म्हणेन, तर मूळ कार्डावर 4.7 किलोओहमांचे पुल-अप 5 व्होल्टला आहेत. अ‍ॅडॉप्टरवर प्रत्येक रेषेवर 8.2 किलोओहम ग्राउंडकडे टाकले की ताण 3.2 व्होल्टच्या आत येतो. बोर्ड सॉकेटपेक्षा मोठा होईल, तेव्हा शेजारचे कपॅसिटर आड येत नाहीत ना, हे पुठ्ठा कापून आधी पाहावे.

लॉजिक पुन्हा लिहिण्याचे काम चिरंजीवांनी करावे, पण समीकरणे जशीच्या तशी उतरवू नयेत. जुन्या रचनेत लेखन-संकेतालाच क्लॉक म्हणून वापरलेले असणार, आणि एन्कोडरच्या स्पंदालाही. नव्या चिपेत सगळे एकाच क्लॉकवर चालवावे आणि बाहेरून येणारा प्रत्येक संकेत दोन फ्लिपफ्लॉपांमधून आत घ्यावा, एवढे त्यांना वर्गात शिकविलेले असेल. एक गोष्ट मात्र बहुधा शिकविलेली नसेल. आपला मायक्रोकंट्रोलर 12 मेगाहर्ट्झवरील 89 सी 51 आहे. त्याचा लेखन-संकेत किमान 400 नॅनोसेकंद खाली राहतो, आणि वर गेल्यानंतर डेटा टिकण्याची हमी अवघी 33 नॅनोसेकंदांची आहे. चिपेतील क्लॉक 24 मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवला तर एक आवर्तन सुमारे 42 नॅनोसेकंदांचे होते. दोन फ्लिपफ्लॉपांमधून येऊन लेखन-संकेत वर गेल्याचे चिपेला कळेपर्यंत 100 नॅनोसेकंद उलटलेले असतात, आणि तोवर बसवर (डेटाच्या सामाईक तारांवर) भलताच डेटा आलेला असतो. टेबलावर हे कधी चालेल, कधी चालणार नाही, आणि मागावर आठवड्यातून एकदा एखादे पीक चुकेल, म्हणजे शोधायला सर्वांत कठीण असा दोष. उपाय असा की लेखन-संकेत खाली गेल्याचे कळल्यापासून तीन-चार आवर्तने मोजून, तो अजून खालीच असताना, डेटा उचलावा. 400 नॅनोसेकंदांत त्याला भरपूर जागा आहे. डेटा मात्र संकेत खाली जाण्यापूर्वीच बसवर स्थिर झालेला असतो, हे 89 सी 51 च्या माहितीपत्रकातील आकृतीवरून त्यांनी स्वतः ताडून पाहावे.

लेखन झाल्यावर ते बरोबर आहे हे ठरविणारा पंच तुमच्याकडे आहेच : जुने, चालू कार्ड. दोन्ही कार्डांना एकच मायक्रोकंट्रोलर आणि एकच एन्कोडर जोडून, दोन्ही कार्डांच्या मिळून 34 आउटपुटांना पुरेल एवढ्या वाहिन्यांचा लॉजिक ॲनालायझर लावून, दोघांची आउटपुटे शेजारी शेजारी नोंदवावीत. माग उलटा फिरविणे, बाणा तुटलेल्या क्षणीच वीज जाणे, शून्य-खुणेवर नेमके थांबणे, असे जे प्रसंग तुमच्या जॉबरांना तोंडपाठ आहेत ते त्यांच्याकडून विचारून घेऊन तपासणीत घालावीत. समीकरणांत न दिसणारे वागणे येथेच पकडीत येते. तपासणी पार पडली की व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग या लॉजिक लिहिण्याच्या भाषेतील सोर्स, चाचणीची फाइल, पिनांची यादी आणि लॅटिस डायमंड या सॉफ्टवेअरची बसविण्याची मूळ प्रत, परवान्याच्या फाइलीसह, दोन वेगवेगळ्या जागी जपावी. आयएसईची शेवटची आवृत्ती 14.7 ही 2013 ची आहे आणि नव्या संगणकावर ती बसविताना किती त्रास होतो ते आपण अनुभवले असेलच. जुना संगणकही म्हणूनच टाकून देऊ नये, त्याच्या डिस्कची प्रत या आठवड्यातच काढून ठेवावी.

क्रम असा ठेवावा : आज डिस्कची प्रत आणि ‘आरपीटी’ फाइल, या महिन्यात जुन्या चिपांचे दहा नमुने तपासून शंभर नगांची मागणी, त्याच वेळी मॅकएक्सओ 2 च्या सराव-बोर्डावर लॉजिकचे लेखन. कार्डाचा नवा आराखडा छपाईला देण्यापूर्वी पुरवठादाराकडून त्या नेमक्या क्रमांकाच्या चिपेबद्दल उत्पादन चालू असल्याची लेखी खात्री घ्यावी आणि पहिल्या खेपेलाच वर्षभराचे 300 नग उचलावेत. ‘आरपीटी’ फाइल उघडल्यावर त्यात समीकरणांचा भाग नसेल, किंवा मॅक्रोसेलचा आकडा माझ्या साठाच्या अंदाजाहून फार निराळा निघाला, तर ती फाइल जशी आहे तशी मला पाठवावी. तशा वेळी आराखड्यात न दिसणारे काही काम ही चिप करीत असणार, आणि ते काय आहे हे नवी चिप मागविण्याआधी शोधावे लागेल.